एकाच प्रोसेसचा परफॉर्मन्स डेटा लिनक्सवर नीट कसा गोळा करायचा: पीआयडी (प्रोसेसचा नंबर) शोधण्यापासून आकडे वाचण्यापर्यंत

दर आठवड्याला कुणी ना कुणी टॉपचा (चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडचा) स्क्रीनशॉट पाठवतं आणि विचारतं की ही प्रोसेस १८० टक्के सीपीयू खातेय, आता काय करू. त्या एका चित्रावरून खरंच काही सांगता येत नाही हो. मशीनला कोअर किती, हे १८० टक्के दोन सेकंद होते की दोन तास, काल याच वेळेला किती होते, त्याच क्षणी डिस्कचं काय चाललं होतं, यातलं काहीच त्यात नसतं. आणि मग लोक अंदाजाने रॅम वाढवतात, सर्व्हर रीस्टार्ट करतात, आणि चार दिवसांनी तेच दुखणं परत येतं. डेटा आधीच नीट गोळा केला असता तर अर्ध्या तासात कारण सापडलं असतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढलंय. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका या क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

कमांडबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. इथे सगळं देवनागरीत आहे, टर्मिनलवर अर्थातच इंग्लिश अक्षरांत टाइप करायचं. काही सांगितलं नसेल तर अक्षर स्मॉल समजा, कॅपिटल असेल तिथे मी वेगळं लिहिलंय. यात चूक करू नका, कारण पिडस्टॅटमध्ये, म्हणजे आपण वापरणार आहोत त्या मुख्य टूलमध्ये, स्मॉल टी आणि कॅपिटल टी ही दोन पूर्ण वेगळी कामं करतात.

## १. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"सर्व्हर स्लो आहे" हा प्रश्न नाही. "पेमेंटची जावा प्रोसेस रोज सकाळी ११ ते ११:२० मध्ये रिक्वेस्टला उशीर लावते, बाकी वेळ ठीक असते" हा प्रश्न झाला. यातून लगेच तीन गोष्टी ठरतात: कुठली प्रोसेस, कुठली वेळ, आणि ठीक असतानाची वेळ कुठली. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात.

इंटरव्हलसुद्धा प्रश्नावरूनच ठरतो. वीस मिनिटांची घटना पकडायची असेल तर ५ सेकंद, मेमरी लीकसारखं दिवसेंदिवस हळूहळू वाढणारं काही असेल तर ६० सेकंद पुरतात. एका सेकंदाच्या खाली जायचा मोह टाळा, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक प्रोसेसचा सीपीयू वेळ /प्रॉक या फोल्डरमध्ये क्लॉक टिकमध्ये दाखवतो आणि सेकंदाला साधारण १०० टिक असतात, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदाचा. तुम्ही ०.१ सेकंदाने सॅम्पल घेतलं तर अख्ख्या सॅम्पलमध्ये एका कोअरमागे दहाच टिक, आकडा १० टक्क्यांच्या उड्या मारणार आणि तुम्हाला वाटणार प्रोसेसच उड्या मारतेय. टिक किती ते बघायला:

गेटकॉन्फ सीएलके_टीसीके

(सीएलके_टीसीके सगळं कॅपिटल.) बहुतेक ठिकाणी १०० येईल.

## २. मशीन तयार करा

पिडस्टॅट हे टूल सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतं. डेबियन, उबुंटूवर एपीटी इन्स्टॉल सिसस्टॅट, रेड हॅट, रॉकी, अल्मावर डीएनएफ इन्स्टॉल सिसस्टॅट. पिडस्टॅटसाठी सिसस्टॅटची सर्व्हिस चालू असायची गरज नाही, ती सारसाठी, म्हणजे पूर्ण मशीनचे आकडे साठवणाऱ्या टूलसाठी, लागते. तरीही चालू ठेवाच, कारण पूर्ण मशीनची हिस्टरी हाताशी असली की प्रोसेसचे आकडे कशाच्या तुलनेत वाचायचे ते कळतं.

मग घड्याळ. टाइमडेटसीटीएल टाका आणि बघा वेळ सिंक आहे का आणि टाइमझोन कुठला आहे. आपल्याकडे हा घोळ कायम होतो: क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसीवर, ॲप्लिकेशनचा लॉग भारतीय वेळेत, आणि तक्रार करणारा माणूस फोनवर बोलतो "अकरा वाजता". यूटीसीमध्ये ते सकाळचे ५:३० असतात. ११:०० च्या ओळी काढून बघितल्या तर तेव्हा सगळं शांत दिसणार आणि तुम्ही म्हणणार काहीच प्रॉब्लेम नाही. म्हणून कागदावर वरच लिहून ठेवा, फाइल कुठल्या वेळेत आहे ते.

कोअर किती आहेत ते एनप्रॉकने बघा आणि तेही लिहून ठेवा. १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर, त्यामुळे नंतर १८० टक्के हा आकडा वाचताना याची गरज पडते.

परवानगीचा मुद्दा: सीपीयू आणि साधी मेमरी कुणालाही दिसते, पण /प्रॉक/पीआयडी/आयओ ही फाइल दुसऱ्या युजरच्या प्रोसेससाठी वाचता येत नाही. सुडोशिवाय (म्हणजे ॲडमिनच्या परवानगीशिवाय) पिडस्टॅट चालवलं की डिस्कच्या कॉलममध्ये -१.०० येतं. ते "शून्य आयओ" नाहीये, "मला बघू दिलं नाही" असं आहे.

अजून एक, हे नव्या कर्नलवर खूप जणांना नडतं. लिनक्स ५.१४ पासून डिले अकाउंटिंग (प्रोसेस कशासाठी किती थांबली याचा हिशोब) बाय डिफॉल्ट बंद असतं, त्यामुळे पिडस्टॅटचा आयओडिले कॉलम कायम शून्य दिसतो आणि लोक खुशाल निष्कर्ष काढतात की डिस्कसाठी थांबणं होतच नाही. चालू करायला:

सुडो सिसीटीएल कर्नल.टास्क_डिलेॲक्ट=१

चालू केल्यानंतर सुरू झालेल्या प्रोसेसचंच मोजमाप नीट मिळेल असं धरून चाला, म्हणजे शक्य असेल तर ती सर्व्हिस एकदा ठरलेल्या वेळेत रीस्टार्ट करून घ्या.

तपासा: डीएफ -एच लावून /व्हार/टीएमपी मध्ये जागा आहे ना? डेटा /टीएमपी मध्ये टाकू नका. काही डिस्ट्रोवर, उदाहरणार्थ फेडोरावर, /टीएमपी ही रॅममध्येच असते, म्हणजे मेमरीचा प्रॉब्लेम शोधताना तुम्ही स्वतःच मेमरी खाताय, आणि रीबूट झालं की सगळं गेलं.

जागेचा हिशोब सोपा आहे. ५ सेकंदाला एक ओळ म्हणजे दिवसाला १७,२८० ओळी, ओळ साधारण १५० बाइटची धरली तर अडीच एमबी. काहीच नाही. पण थ्रेडसकट (थ्रेड म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) घेतलं आणि २०० थ्रेड असले तर तेच ५०० एमबीच्या वर जातं. म्हणून थ्रेडचा डेटा दिवसभर घ्यायचा नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

## ३. बरोबर पीआयडी पकडा

सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. माझं स्वतःचं सांगतो, एका ठिकाणी मी रात्रभर डेटा गोळा केला, सकाळी फाइल उघडली तर सीपीयू शून्य, मेमरी तीन एमबी, सगळं सपाट. मी ज्या पीआयडीवर बसलो होतो ती जावा नव्हतीच, जावाला सुरू करून देणारी शेल स्क्रिप्ट होती. नावात दोघांच्या "पेमेंट" होतं, मी पहिला आकडा उचलला होता. पुढची घटना घडायला अख्खा दिवस थांबावं लागलं.

सर्व्हिस सिस्टमडीखाली (सर्व्हिस सुरू-बंद करणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर त्यालाच विचारा:

सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी --व्हॅल्यू पेमेंट.सर्व्हिस

(मेनपीआयडी मधले एम, पी, आय, डी कॅपिटल.) पण मेन पीआयडी म्हणजे काम करणारीच प्रोसेस असं नाही. एनजिनएक्समध्ये मास्टर बसून असतो, काम वर्कर करतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते. म्हणून झाड बघायचं:

पीएसट्री -पी -ए मेनपीआयडीचा-आकडा

सिस्टमडी नसेल तर पीग्रेप -ए -एफ पेमेंट लावा, यात पूर्ण कमांड लाइन दिसते आणि डोळ्यांनी निवडता येतं. पीएस एयूएक्स ला पाइप करून ग्रेप करायची सवय सोडा, त्यात ग्रेप स्वतःच सापडतो. पीग्रेप स्वतःला मोजत नाही, पण -एफ लावल्यावर ज्या स्क्रिप्टच्या कमांड लाइनमध्ये तो शब्द आहे ती मात्र पकडतो, म्हणजे तुमची डेटा गोळा करायची स्क्रिप्टसुद्धा. नाव लांब असेल तर हेही लक्षात ठेवा की कर्नल प्रोसेसचं छोटं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो, त्यामुळे -एफ शिवाय लांब नाव शोधलं तर सापडणारच नाही.

डॉकरमध्ये असेल तर कंटेनरच्या आतला पीआयडी १ आणि होस्टवरचा पीआयडी वेगळे. होस्टवरून मोजायचं असेल तर डॉकर टॉप आणि पुढे कंटेनरचं नाव टाका, त्यात होस्टवरचे आकडे मिळतात.

तपासा: हे टाका आणि उत्तर फाइलच्या सुरुवातीलाच जतन करा. इथून पुढे ४८२१ च्या जागी तुमचा पीआयडी.

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,युजर,एलस्टार्ट,एनएलडब्ल्यूपी,आर्ग्ज -पी ४८२१

एलस्टार्ट म्हणजे सुरू झाल्याची वेळ. पीआयडी परत परत वापरले जातात, त्यामुळे दोन दिवसांनी ४८२१ हा तोच ४८२१ आहे का हे सुरू झाल्याच्या वेळेवरूनच कळतं. एनएलडब्ल्यूपी म्हणजे थ्रेड किती.

## ४. ठीक असतानाचा डेटा आधी घ्या

प्रॉब्लेमच्या वेळेच्या आधी, निदान अर्धा तास, आणि जमलं तर आदल्या दिवशी त्याच वेळेला. त्याच कमांडने, त्याच इंटरव्हलने. नाहीतर "सेकंदाला ४,००० कॉन्टेक्स्ट स्विच" हा आकडा समोर येतो आणि तो जास्त की कमी हे कुणालाच माहीत नसतं. (कॉन्टेक्स्ट स्विच म्हणजे सीपीयूने एक काम बाजूला ठेवून दुसरं हातात घेणं.) काही प्रोसेससाठी ४,००० हा रोजचा श्वास असतो.

## ५. गोळा करायला सुरुवात

मुख्य कमांड ही:

एलसी_ऑल=सी सुडो पिडस्टॅट -एच -यू -आर -डी -डब्ल्यू -पी ४८२१ ५

(एलसी_ऑल आणि त्यापुढचा सी कॅपिटल.) यू म्हणजे सीपीयू, आर म्हणजे मेमरी, डी म्हणजे डिस्क, डब्ल्यू म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विच. स्मॉल एचमुळे सगळं एका ओळीत येतं, हे महत्त्वाचं आहे कारण चारही गोष्टी एकाच क्षणाच्या हव्यात. सीपीयूचा डेटा सकाळी आणि डिस्कचा दुपारी घेऊन नातं जोडता येत नाही. एलसी_ऑलमुळे एएम-पीएम जाऊन २४ तासांची वेळ येते. सुडो तुमच्याकडे हे सेटिंग पुढे पोचवत नसेल तर ते सुडोच्या नंतर लिहा. पहिल्या कॉलममध्ये दहा आकडी नंबर दिसला तर घाबरू नका, ते १९७० पासूनचे सेकंद आहेत, डेट -डी @नंबर टाकलं की वेळ मिळते. नव्या आवृत्तीत तोच फॉरमॅट हवा असेल तर कॅपिटल एच जोडायचा, आणि स्क्रिप्टने वाचणार असाल तर तोच बरा पडतो.

आधी ही कमांड शेवटी ३ जोडून चालवा, म्हणजे तीन ओळी येऊन थांबेल. ओळी आल्या, -१.०० नाही, आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली जागा) बरोबर वाटतोय, तर मगच बॅकग्राउंडला टाका. टीमक्समध्ये चालवा किंवा पुढे नोहप लावा आणि शेवटी > /व्हार/टीएमपी/पेमेंट-बेस.लॉग २>&१ & जोडा. नुसतं एसएसएच सेशनमध्ये सोडून घरी गेलात तर कनेक्शन तुटलं की गोळा करणंही थांबतं. बॅकग्राउंडला टाकताना सुडोने पासवर्ड विचारला तर तेही तिथेच अडकून बसतं, म्हणून आधी सुडो -व्ही करून घ्या.

इशारा: आउटपुट ग्रेप किंवा ऑकमधून काढून फाइलमध्ये टाकत असाल तर ते बफर होतं, फाइल बराच वेळ रिकामी दिसते आणि मध्येच किल केलं तर शेवटचा भाग जातो, जो नेमका तुम्हाला हवा असतो. ग्रेपला --लाइन-बफर्ड लावा. त्याहून बरं म्हणजे गोळा करताना काही गाळूच नका, कच्चं साठवा आणि नंतर गाळा.

सर्व्हिस मध्येच रीस्टार्ट होणारी असेल तर एका पीआयडीला चिकटून उपयोग नाही, नवीन पीआयडीचा डेटा मिळणारच नाही. तेव्हा -पी ऐवजी -सी जावा असं नावाने घ्या (तो सी कॅपिटल), नाहीतर छोटी लूप लिहा जी दर वेळी सिस्टमडीला मेन पीआयडी विचारते.

पीएस आणि टॉपने का नाही, हे विचारतात म्हणून सांगतो. पीएसचा सीपीयू टक्का हा प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी असते. समजा प्रोसेस १० दिवस जवळजवळ झोपून होती आणि गेली ५ मिनिटं एक कोअर पूर्ण खातेय. १० दिवस म्हणजे १४,४०० मिनिटं, त्यातली ५ म्हणजे ०.०३ टक्के, पीएस तुम्हाला ०.० दाखवणार. मी लोकांना याच आकड्यावर "सीपीयूचा प्रश्नच नाही" असं ठामपणे सांगताना पाहिलंय. टॉप बॅच मोडमध्ये चालतो, पण पहिला राउंड भरवशाचा नसतो, म्हणून टॉप -बी -एन २ -डी ५ -पी ४८२१ घेऊन दुसरा राउंडच वाचायचा, आणि ओळ कापली जाऊ नये म्हणून -डब्ल्यू ५१२ लावायचं. शिवाय त्यात डिस्क नाही.

कुठलंच टूल टाकता येत नसेल, काही बंदिस्त सर्व्हरवर असं असतं, तर /प्रॉक हाताने वाचता येतो. /प्रॉक/४८२१/स्टॅट मध्ये १४ वा आकडा युजर वेळ, १५ वा सिस्टम वेळ, दोन्ही टिकमध्ये. दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. समजा बेरीज आधी ८१,२०० होती, १० सेकंदांनी ८२,७०० झाली: फरक १,५०० टिक, भागिले १०० म्हणजे १५ सेकंद सीपीयू, १० सेकंदांत. म्हणजे १५० टक्के, दीड कोअर. एकदा हा हिशोब स्वतः करून बघाच, मग कुठल्याही टूलचा आकडा समोर आला तरी त्यात काय दडलंय ते कळतं. फक्त एक खड्डा आहे, दुसरा आकडा म्हणजे कंसातलं प्रोसेसचं नाव, आणि त्या नावात स्पेस असू शकते, मग ऑकने मोजलेला १४ वा कॉलम १४ वा राहत नाही. शेवटच्या कंसापर्यंतचं आधी कापून टाका आणि मग मोजा.

## ६. मेमरीसाठी वेगळी फाइल

पिडस्टॅटचा आरएसएस बघून लोक सगळ्या प्रोसेसची बेरीज करतात आणि ६४ जीबीच्या मशीनवर ९० जीबी येते म्हणून गोंधळतात. आरएसएसमध्ये शेअर्ड मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पूर्ण धरली जाते. पोस्टग्रेसची शेअर्ड बफर ८ जीबी असेल आणि २० कनेक्शननी ती सगळी हाताळली असेल तर तीच ८ जीबी वीस वेळा दिसते. अशा वेळी पीएसएस बघायचा, त्यात शेअर्ड भाग वाटणाऱ्यांमध्ये विभागला जातो:

सुडो कॅट /प्रॉक/४८२१/स्मॅप्स_रोलअप

ही फाइल लिनक्स ४.१४ पासून आहे. कर्नलला ती तयार करायला प्रोसेसची सगळी मेमरी मॅपिंग चाळावी लागतात, मोठ्या प्रोसेसवर हे जड जातं, म्हणून दर पाच सेकंदाला नाही, पाच-दहा मिनिटांतून एकदा.

दर मिनिटाला घ्यायचं ते /प्रॉक/४८२१/स्टेटस मधून: व्हीएमआरएसएस, व्हीएमएचडब्ल्यूएम म्हणजे आजवरचा सगळ्यात वरचा आरएसएस, व्हीएमस्वॅप आणि थ्रेड्स. स्वॅप घ्यायचाच. आरएसएस कमी झाला म्हणून मेमरी सुटली असं बरेच जण समजतात, प्रत्यक्षात ती स्वॅपमध्ये गेलेली असते. लीक बघताना नेहमी आरएसएस अधिक स्वॅप अशी बेरीज बघा.

आणि जावाबद्दल: एक्सएमएक्स (हीपची, म्हणजे जावाच्या मुख्य मेमरीची, कमाल मर्यादा) ४ जीबी दिलं म्हणजे आरएसएस ४ जीबीच्या आत राहील असं अजिबात नाही. मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, जेआयटीने बनवलेला कोड, डायरेक्ट बफर हे सगळं हीपच्या बाहेर असतं. हीप स्थिर आणि आरएसएस चढतोय असं दिसलं तर लीक हीपच्या बाहेर शोधायचा.

## ७. थ्रेड, पण थोडाच वेळ

प्रोसेस १०० टक्क्यांवर अडकली आहे आणि मशीनला १६ कोअर आहेत, तर बहुतेक एकच थ्रेड पेटलेला आहे. पूर्ण प्रोसेसचा आकडा हे लपवतो. प्रॉब्लेम चालू असताना फक्त एक-दोन मिनिटं:

पिडस्टॅट -टी -यू -पी ४८२१ ५ १२

जावा असेल तर जो थ्रेड आयडी वर दिसेल तो हेक्समध्ये बदला, प्रिंटएफ '%एक्स' ५०१२ केलं की १३९४ मिळतो, आणि त्याच वेळी घेतलेल्या जेस्टॅकच्या (जावाचे थ्रेड काय करताहेत ते छापणाऱ्या टूलच्या) आउटपुटमध्ये एनआयडी=०एक्स१३९४ शोधा. जावा ८, ११, १७ मध्ये तो हेक्समध्ये असतो. थ्रेडचं नाव आणि नेमकी कोडची ओळ समोर येते. जेस्टॅक ज्या युजरने जावा चालतेय त्याच युजरने चालवा, आणि दहा-दहा सेकंदांनी तीनदा घ्या, एकदा घेऊन नाही. तिन्ही वेळा तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल तरच ते धरायचं.

इशारा: /प्रॉक/पीआयडी/स्टेटस मधले कॉन्टेक्स्ट स्विचचे आकडे फक्त मुख्य थ्रेडचे असतात. सगळ्यांचे हवे तर /प्रॉक/पीआयडी/टास्क खाली जाऊन प्रत्येक थ्रेडचे घ्यावे लागतात. जावामध्ये मुख्य थ्रेड बहुतेक नुसता बसलेला असतो, त्यामुळे तिथे काहीच हालचाल दिसत नाही आणि दिशाभूल होते.

## ८. खोलात जायचं ते इथे, आधी नाही

सीपीयू खरंच जास्त आहे हे आकड्यांनी दाखवलं असेल तर पर्फ, जे कोडचा कुठला भाग सीपीयू खातोय ते दाखवतं:

सुडो पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ -जी -पी ४८२१ -- स्लीप ३०

(एफ कॅपिटल.) १०० ऐवजी ९९ का, तर सेकंदाला बरोबर शंभर वेळा होणाऱ्या कामाशी पावलं जुळून चित्र वाकडं येऊ नये म्हणून. नंतर पर्फ रिपोर्ट --एसटीडीआयओ ने वाचा. स्टॅक अर्धवट दिसला तर बायनरीमध्ये फ्रेम पॉइंटर नाहीत, मग --कॉल-ग्राफ ड्वार्फ लावा, पण फाइल भलतीच मोठी होते, म्हणून १० सेकंदच. जावाला सुरू करतानाच प्रिझर्व्हफ्रेमपॉइंटर हा पर्याय द्यावा लागतो.

इशारा: चालू प्रॉडक्शनवर एसट्रेस लावू नका. ते प्रत्येक सिस्टम कॉलला (प्रोसेसने कर्नलकडे केलेल्या मागणीला) प्रोसेसला दोनदा थांबवतं, आत जाताना आणि बाहेर येताना. जास्त कॉल करणारा डेटाबेस त्याने गुडघ्यावर येतो आणि मग तुम्ही गोळा केलेला डेटा हा तुमच्याच एसट्रेसचा डेटा असतो. अगदीच गरज असेल तर टेस्ट सर्व्हरवर, टाइमआउट ५ लावून, -सी ने नुसता गोषवारा घ्या.

## ९. आकडे एकत्र कसे वाचायचे

ठीक असतानाची फाइल एका बाजूला, प्रॉब्लेमची दुसऱ्या बाजूला. एकेक कॉलम सुटा वाचू नका.

युजर टक्का चढलाय आणि बाकी शांत, तर प्रोसेसचा स्वतःचा कोड राबतोय, पर्फ बघा. सिस्टम टक्का चढलाय तर ती कर्नलकडून खूप काम करून घेतेय, छोट्या छोट्या रीड-राइट, मेमरी घेणं-सोडणं असलं काहीतरी. वेटचा टक्का चढला तर नीट समजून घ्या, हा डिस्कची वाट बघणं नाही, हा सीपीयू मिळायची वाट बघणं आहे. प्रोसेस तयार उभी आहे पण तिला पाळी मिळत नाही, म्हणजे दोषी शेजारची प्रोसेस असू शकते. याच्या जोडीला एनव्हीसीएसडब्ल्यूसीएच, म्हणजे जबरदस्तीने बाजूला केलं जाणं, तेही वाढलेलं दिसतं. दोन्ही वाढले तर खात्री जवळजवळ पक्की. कंटेनर असेल तर त्याच्या सीग्रुपच्या (कर्नल ज्यावर कंटेनरची सीपीयू-मेमरीची मर्यादा लावतो तो गट) सीपीयू.स्टॅट मध्ये एनआर_थ्रॉटल्ड वाढतोय का तेही बघा, कोटा संपल्यामुळे रोखलं जात असेल तर ते तिथेच दिसतं, आणि मशीनवर अर्धे कोअर रिकामे असूनही प्रोसेस रखडते तेव्हा बऱ्याचदा हेच निघतं.

मेजर फॉल्ट सेकंदाला शून्याच्या आसपास असायला हवेत. सुरुवातीला प्रोसेस लोड होताना येतात ते सोडून द्या. पण तासभर चालू असलेल्या प्रोसेसला सतत येत असतील तर तिची पानं डिस्कवरून परत आणावी लागताहेत, रॅम कमी पडतेय.

डिस्कचं रीड शून्य आहे पण ॲप्लिकेशन तर जीबीभर फाइल वाचतंय, असं कसं? पेज कॅश, म्हणजे फाइलची रॅममध्ये ठेवलेली प्रत. /प्रॉक/पीआयडी/आयओ मध्ये आरचार म्हणजे प्रोसेसने मागितलेले बाइट आणि रीड_बाइट्स म्हणजे खरंच डिस्कवरून आलेले. दोन्ही घ्या. पहिला मोठा आणि दुसरा लहान ही चांगली बातमी आहे.

आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी परिस्थिती: सीपीयू कमी, डिस्क कमी, मेमरी स्थिर, वेट शून्य, तरी युजर म्हणतोय स्लो. लोक इथे डेटा फेकून देतात, "काही सापडलं नाही" म्हणतात. असं नाही, सापडलं आहे: प्रोसेस काम करत नाहीये, ती कुणाची तरी वाट बघतेय. डेटाबेसची, दुसऱ्या सर्व्हिसची, नाहीतर आतल्या लॉकची. मग तीन जेस्टॅक, किंवा सुडो पीएस -एल -ओ टिड,स्टॅट,डब्ल्यूचॅन:३० -पी ४८२१ (एल कॅपिटल). थ्रेड एस मध्ये असतील तर झोपून वाट बघताहेत, डी मध्ये असतील तर बहुतेक डिस्क किंवा एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल) अडकलेत. डीवाले लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्येही मोजले जातात, त्यामुळे लोड ४० आणि सीपीयू रिकामा असं विचित्र चित्र दिसतं तेव्हा हेच असतं.

शेवटची एक सावधगिरी. पाच सेकंदांच्या दोन सॅम्पलच्या मध्ये जन्मून मेलेल्या प्रोसेस पिडस्टॅटला दिसतच नाहीत. एखादी स्क्रिप्ट सेकंदाला पन्नास छोट्या कमांड चालवत असेल तर मशीन जळतंय आणि यादीत कुणीच नाही असं होतं. तिथे प्रोसेस अकाउंटिंग चालू करून लास्टकॉमने बघा, किंवा बीसीसी टूल्समधलं एक्झेकस्नूप.

## १०. लिनक्स नसेल तर

मॅकओएसवर /प्रॉक नाही, टॉप -एल २ -पिड ४८२१ (एल स्मॉल) घ्या आणि दुसरा राउंडच वाचा. फ्रीबीएसडीवर प्रॉकस्टॅट आहे, त्यात -आर ने रिसोर्स वापर मिळतो. सोलारिसवर पीआरस्टॅट -एमएलपी (यात एम स्मॉल, एल कॅपिटल, पी स्मॉल) थ्रेडप्रमाणे वेळ कुठे गेला ते दाखवतं. वरचा क्रम मात्र तसाच.

## ११. आवरून ठेवा

गोळा करणं थांबवताना पीकिल पिडस्टॅट मारू नका, दुसऱ्या कुणाचंही त्याच मशीनवर चालू असू शकतं. पीग्रेप -ए पिडस्टॅट ने आपली ओळ शोधा आणि फक्त तिलाच सुडो किल -आयएनटी द्या. टास्क_डिलेॲक्ट मुद्दाम चालू केलं असेल तर परत ० करा. पर्फची फाइल, दोन्ही लॉग, एलस्टार्टवाली ओळ, एनप्रॉकचा आकडा, टाइमझोन आणि पहिल्या पायरीवर लिहिलेला प्रश्न एका फोल्डरमध्ये टाकून टार करून सर्व्हरवरून बाहेर काढा. जेस्टॅकच्या आणि पीएसच्या आउटपुटमध्ये कमांड लाइनवरून दिलेले पासवर्ड कधीकधी उघडे दिसतात, कुणाला पाठवायच्या आधी ते शोधून झाका.